कुठून कुठी?

चहा कपातून बशीत ओतायच्या आधी स्वतःचीच परवानगी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. उजव्या हातात कप घ्यायचा, डाव्या हाताने बशी पुढे ओढायचा, मग थांबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "कुठून कुठी? कपातून बशीत." एवढं बोलून झालं की ओतायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवी भाडेकरू आलीय म्हणून गंमत करतोय. पण गंमत कसली, हा माणूस असाच होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नर्स म्हणून माझी शेलूबाजारला नेमणूक झाली आणि राहायला खोली मिळेना. एकटी बाई, त्यातून नर्स, म्हणजे वेळी-अवेळी येणार-जाणार. लोक बोलायचे गोड, पण खोलीचं नाव काढलं की त्यांच्याकडे नेमके पाहुणे यायचे असायचे. शेवटी बौद्ध वस्तीच्या तोंडाशी एका घराची पुढची खोली मिळाली. मागच्या खोल्यांत तो आणि त्याची म्हातारी आई. गाव त्याला मशीनभाऊ म्हणायचं. वय तिशीच्या पुढचं, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी एक मऊ केसांचा ब्रश. तो धूळ झटकायचा ब्रश. दिसेल त्या वस्तूवरून फिरवायचा. एकदा माझ्या उकळून ठेवलेल्या सुयांच्या डबीत घालायला निघाला, तेव्हा मी सरळ त्याच्या हातावर चापट मारली.

जीपच्या अड्ड्याजवळ त्याची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. दुरुस्ती चांगली करायचा, पण दुरुस्त झालेला रेडिओ द्यायचा नाही. केनवडचा एक शेतकरी दर बाजाराला येऊन विचारायचा, "भाऊ, बनला का रेडिओ?"

"बनला ना."

"मंग द्या ना बाप्पा."

"तपासून राह्यलो."

"किती तपासता? सोयरीक करून राह्यले का त्या रेडिओसंगं?"

बाकीचे लोक खो खो हसायचे. हा मात्र गंभीर चेहऱ्याने रेडिओवरून ब्रश फिरवत राहायचा. शेवटी तो शेतकरी एक दिवस रेडिओ हिसकावूनच घेऊन गेला.

घरातही तेच. नवी केरसुणी आणली तरी जुनी फेकायची नाही. नव्या केरसुणीने घर नीट झाडलं जातंय हे बरेच दिवस पाहिल्यावर जुनी चुलीत. ज्वारी पोत्यातून कोठीत भरायची तर आधी कोठी आतून पुसायची, कंदील घेऊन भेगा शोधायच्या, सापडलेल्या भेगेवर खडूने फुली मारायची, मग पोत्याच्या तोंडाशी उभं राहून विचारायचं, "कुठून कुठी?" त्याची आई कपाळाला हात लावून म्हणायची, "पोत्यातून कोठीत, माह्या बापा! कोठीतून पोत्यात कोन भरते रे? पाह्य वं पोरी, शिकला अन् येडा झाला माहा बाबू."

त्याच्या लग्नाचंही असंच झालं. धनजला मुलगी पाहायला गेला. मुलगी चहा घेऊन आली, याने कप-बशी हातात घेतली आणि भर बैठकीत विचारलं, "कुठून कुठी?" मुलीच्या बापाला वाटलं, आपल्यालाच विचारतोय. तो बिचारा आमचं मूळ गाव अमुक, तिथून आम्ही इकडे आलो, असं सांगायला लागला. तोवर याने स्वतःचं उत्तर देऊन चहा ओतलासुद्धा. परतीच्या जीपमध्ये म्हातारी याच्याकडे पाठ करून बसली. नंतर स्थळंच येईनाशी झाली.

हे सगळं तो शहरातून घेऊन आला होता. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत तो कॉम्प्युटरवर कामाला होता. वस्तीतला पहिलाच पोरगा असा, की ज्याचं काम नेमकं काय आहे हे वस्तीत कुणालाच सांगता यायचं नाही. मला त्याने एकदा आईच्या चुलीवरचा तवा घेऊन समजावलं होतं. असे तवे एकावर एक, मधून दांडा ओवलेला, मध्ये बोटभर फट. वरून झाकण. तो झाला एक डबा. डबा मशीनच्या खान्यात बसवायचा की तवे गरगर फिरतात आणि त्यांच्यावर आकडे उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. वाचणारा काटा तव्याला टेकत नाही, केसाहूनही कमी अंतरावर तरंगतो. मध्ये धुळीचा कण आला तर काटा तव्यावर आदळतो आणि तवा ओरबाडला जातो. "मंग गेलं," तो म्हणाला आणि तवा चुलीवर परत ठेवला. ठेवताना कुठून कुठी ते विचारलंच.

दर शनिवारी त्या डब्यांची निगा राखायचं काम याच्याकडे होतं. टाइपरायटरसारख्या यंत्रापुढे बसायचं आणि एका ओळीत हुकूम टाइप करायचा. तवे तपास, म्हटलं की मशीन तपासायचं आणि कुठे डाग पडलाय ते छापून द्यायचं. डाग टाळ, म्हटलं की त्या जागेवर पुन्हा काही लिहायचं नाही. नको ते पुसून टाक. मग भरलेल्या डब्याची नक्कल रिकाम्या डब्यात कर. मग दोन्ही जुळवून पाहा. त्याची बोटं हे सांगताना मांडीवर आपोआप चालायची. असं काम सोडून हा इथे रेडिओ का दुरुस्त करतोय, हे मी विचारलं की तो ब्रश काढून कुठलीतरी धूळ झटकायला लागायचा.

आता म्हातारीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

ती गायची. पहाटे जात्यावर बसली की माझी झोप तिच्या आवाजाने मोडायची आणि मी चिडायचं सोडून ऐकत पडायची. गाणी तिची स्वतःची होती. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली तेव्हाची. घरातून कशी निघाली, भाकरी कशात बांधली, सासू काय म्हणाली, गर्दीत हात सुटल्यावर बाबू कसा रडला, परत आल्यावर विहिरीवर कोण काय बोललं, सगळं त्या गाण्यांत होतं. एकातून दुसरं निघायचं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, मावशीच्या गाण्याला शेवटच नाही. लिहिता तिला येत नव्हतं. लिहून घेऊ का, असं मी विचारलं तर हसली. "कागदावर काय वाजते वं पोरी? गळ्यात हाय तेच बरं हाय."

एक दिवस जात्यावरून उठताना तिला चक्कर आली. मी रक्तदाब पाहिला, तो फारच चढलेला होता. तिला गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, मंगरूळच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरही तेच म्हणाले. मी त्याला ओसरीवर गाठून स्पष्ट सांगितलं, "भाऊ, ह्या आजाराचा भरवसा नाही. कधीही लकवा मारेल. त्यांची गाणी राहावीत असं वाटत असेल तर आत्ता काय ते करा."

त्याने ते मनावर घेतलं. घेतलं नसतं तर बरं झालं असतं!

त्याच्याकडे शहरातून आणलेला एक कॅसेट रेकॉर्डर होता, कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेला. तो बाहेर निघाला. खोलीच्या दारांना ओल्या चादरी लागल्या, धूळ नको म्हणून. आणि त्याने आईला सांगितलं, "माय, आता पहाटे म्हनू नको. गळा जपून ठेव. एकदाच सगळं म्हनजो, चांगलं."

म्हातारीने ऐकलं. मुलगा आपल्या गाण्यासाठी एवढं करतोय याचं तिला कोण कौतुक! विहिरीवर बायकांना सांगायची, "आता नाई म्हनत मी. बाबूच्या मशीनात म्हनतो सगळं." जातं फिरायचं, पण मुकं. मला ती घरघर ऐकवेना.

पहिल्या शनिवारी ती अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून जात्यापाशी बसली. तो रेकॉर्डर घेऊन समोर. बटण दाबलं, थांबवलं, मागे घेतलं, ऐकलं. पुन्हा दाबलं. आवाज नीट येतोय का पाहायला तो तिला बोलायला लावायचा, गायला नाही. गाणं वाया जाईल म्हणे! दुपार झाली तेव्हा तो म्हणाला की एकच रेकॉर्डर असून उपयोग नाही, नक्कल काढायला दुसरा पाहिजे. नक्कल निघायची सोय झाल्याशिवाय मूळ भरायचंच नाही.

दुसरा रेकॉर्डर लग्नात भोंगे लावणाऱ्या चाचांकडे होता. चाचांनी दिला. मग दोन्हींना जोडणारी वायर मिळेना. ती अकोल्याहून मागवली. मग कोऱ्या कॅसेटींची तपासणी सुरू झाली. प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती ऐकायची, आत काही नसताना! खरखर आली की त्यावर खडूची फुली. असे शनिवारमागून शनिवार गेले. प्रत्येक शनिवारी म्हातारी पांढरं लुगडं नेसायची. लग्नसराई आली तसे चाचा आपला रेकॉर्डर न्यायला आले. "अरे भाई, अम्मा गाएगी कब?" त्यांनी विचारलं. हा म्हणाला, "तपासून राह्यलो, चाचा." चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि रेकॉर्डर घेऊन गेले. लग्नसराई संपेपर्यंत पुन्हा सगळं बंद.

चाचांचा रेकॉर्डर परत आला त्या शनिवारी माझं डोकं फिरलं. मी कामावरून आले तर म्हातारी जात्याला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती आणि हा दोन यंत्रांच्या मध्ये उकिडवा बसून स्वतःशी पुटपुटत होता, "कुठून कुठी? ह्याच्यातून त्याच्यात. ह्याच्यातून त्याच्यात."

"अहो, काय लावलंय हे?" मी ओरडलेच. "आईकडे बघा एकदा! दाबा ते बटण आणि गाऊ द्या त्यांना! नाहीतर वस्तीतल्या चार बायका बोलवा, शिकून घेतील त्या."

"गळ्यातून गळ्यात गेलं की बदलते सिस्टर. मंग जुळवून कायच्याशी पाहाव?"

म्हातारी जागी झाली होती. ती म्हणाली, "बदललं त बदललं रे. मीच रोज बदलवतो ना."

मला वाटलं, आता ब्रश काढतो. पण त्याने हात गुडघ्यांत धरले आणि खाली बघत बोलायला लागला. म्हातारीलाही हे तो पहिल्यांदाच सांगत होता.

"त्या संस्थेत एक साहेब होते. म्हातारे. ज्वारीवर काम करत. दुष्काळाच्या सालांत कोनती ज्वारी किती पान्यावर जगली, कोनती मेली, सारे आकडे त्यायनं गावोगाव फिरून जमा केले होते. ते सारे एका डब्यात. त्याची नक्कल होती, तिच्यावर लय डाग पडले होते, म्हनून म्याच ती मोडीत काढली. आकड्याइचे जुने कार्डंबी रद्दीत देल्ले. कायले ठेवाचे म्हटलं, सारं डब्यात हाय. अन् नवा कोरा डबा मागवला."

"दोन खाने होते मशीनले. नेहमी भरेल डबा पहिल्यात, रिकामा दुसऱ्यात. दर शनिवारी एकच ओळ टाइप कराची, पहिल्यातून दुसऱ्यात नक्कल कर. त्या हप्त्यात पहिला खाना बिघडला. दुरुस्तीवाला तो उघडून बसला होता, म्हनून भरेल डबा म्या दुसऱ्यात लावला. सोताच्या हातानं लावला सिस्टर. मंग दुरुस्ती झाली. नवा कोरा डबा आला, तो पहिल्यात लावला. अन् बसलो टाइप कराले. बोटायनं तेच टाइप केलं जे दर शनिवारी कराचे."

"मशीननं काही विचारलं नाही?" मी म्हटलं.

"विचारलं ना. नक्की? म्हने. म्या म्हटलं, हो."

बाहेर जीपवाले मंगरूळ, मंगरूळ असं ओरडत होते. तो पुढे म्हणाला, "मंग नेमाप्रमानं दोन्ही डबे जुळवून पाह्यले. मशीननं छापून देल्लं, दोन्ही सारखे हाय, फरक काही नाई. मी खूश झालो. कागद फाइलले लावला, चहा पेलो. खरंच होतं ते. दोन्ही सारखेच होते. कोरे."

"साहेब रागावले असतील."

"रागावले असते त मी तिथंच राह्यलो असतो. त्यायनं खुर्चीवर बसून पानी मांगलं. पानी पेले. मंग म्हने, ते पावसाळे तर आता काही परत आणता येणार नाहीत. अन् छत्री घेऊन घरी गेले. मले कोनी काढलं नाई सिस्टर. मीच आलो."

म्हातारी बसल्या जागेवरून सरकत त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "येडा रे माहा बाबू," म्हणाली. "मी का डबा हाय? मी त बसलो ना इथं तुह्यापाशी. पुढच्या शनिवारी काही तपासू नको. मी म्हनतो, तू आयक." तो लहान पोरासारखा "हो माय" म्हणाला. मला रडू आवरेना, म्हणून मी चुलीवर चहा ठेवायला गेले. त्या दिवशी त्याने कप उचलला, बशीत ओतला, आणि काही विचारलं नाही. आम्ही तिघंही हसलो. शपथ सांगते, ते घर मी एवढं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी ती पडली.

मी लसीकरणाला बाहेरगावी होते. निरोप आला तशी मिळेल त्या जीपने आले. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. मंगरूळला नेलं, तिथून अकोल्याला नेलं, सगळं केलं. जीव वाचला. वाचा गेली.

त्यानंतरचे महिने आठवले की अजून मला स्वतःला काही सुचत नाही. घरी आल्यावर ती खुणेने जात्याजवळ बसवायला सांगायची. तो तिला भिंतीशी उशी लावून बसवायचा. ती डाव्या हाताने रिकामं जातं ओढायची, ओठ हलायचे. डोळे मिटून, मान डोलवत, अगदी गाणं चालू असल्यासारखे हलायचे. आवाज म्हणून निघायचा तो नुसता ब, ब. ते सगळं तिच्या आत जसंच्या तसं होतं हो, एक शब्द हरवला नव्हता, हे तिच्या मानेवरून कळायचं. तो समोर बसून राहायचा, रेकॉर्डर पेटीत बंद. माझा संताप संताप व्हायचा, पण कुणावर काढू? असल्या माणसावर ओरडताही येत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. मौतीला आलेल्या बायका ओसरीवर बसून तिची गाणी आठवत होत्या. एकीला सासूचा तुकडा आठवायचा, दुसरी म्हणायची, अवं तसं नाई. जुळवायला बसल्या, पण काही जुळेना. मला स्वतःला एकच ओळ येते. "निळ्या पान्यात धुतला वं बाई, म्या जुना पदर." पुढे काहीतरी होतं, वाळत घालायचं. ते कुणालाच आठवलं नाही.

पुढल्या वर्षी माझी बदली झाली. सामान जीपमध्ये चढवत होते, तेव्हा तो आला. शर्ट धुतलेला, दाढी वाढलेली. त्याने कागदात गुंडाळलेली एक कॅसेट माझ्या हातात दिली.

"एक नक्कल दुसऱ्या गावात पायजे सिस्टर. इथं आग लागली, काही झालं, त तुमच्याजवळची राहीन. धुळीपासून जपजा. वर्षातून एकदा पुढं-मागं फिरवजा, नाहीतर पट्टी चिकटते."

"काय आहे यात?"

"मायचं हाय," तो म्हणाला. "म्या जुळवून पाह्यलं. दोन्ही सारखे हाय."

जीप निघाली. मी मागे वळून पाहिलं तर तो टपरीच्या दाराशी उभा राहून ब्रशने कडीवरची धूळ झटकत होता.

नव्या गावी कुणाचा तरी रेकॉर्डर आणून मी ती कॅसेट लावली. वाटलं होतं, मला न सांगता एखादं तरी गाणं त्याने घेतलं असेल. आधी बराच वेळ खरखर आली. मग त्याचा आवाज. एक, दोन, कुठून कुठी, ह्याच्यातून त्याच्यात. मग लांबून, जात्यापाशी बसलेली ती, "झालं का रे बाबू? म्हनू का?" आणि तो, "थांब माय, तपासून राह्यलो." खट्. पुन्हा खरखर. पुन्हा, "म्हनू का?" पुन्हा, "थांब माय." त्या सगळ्या शनिवारांची तपासणी होती ती. चहा पिऊ का विचारते, चाचा कधी येतील विचारते, पाय अवघडला म्हणते, आणि प्रत्येक वेळी शेवटी, "म्हनू का?"

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्याने सांगितलं तशी मी ती वर्षातून एकदा फिरवते, धुळीपासून जपते. शेवटच्या तुकड्यात ती काही विचारत नाही. कंटाळली असावी. खाकरून गळा साफ करते, जातं एक वेढा फिरतं, ती श्वास घेते.

"थांब माय," तो म्हणतो. खट्.